बेटावरचे दादोबा

मित्रांनो, आज आपण गाडीत बसूनच गोष्ट सुरू करू या. कॅम्प चारमधून मुंबईला जायचं म्हणजे विठ्ठलवाडी स्टेशन. कल्याण गेलं, डोंबिवली गेली, दिवा गेलं, मुंब्र्याचा डोंगर मागे पडला. कळवा गेलं की पूल लागतो. खाली खाडीचं पाणी. डब्यातल्या निम्म्या लोकांनी मान टाकलेली असते, निम्मे पत्ते कुटत असतात. पण तुम्ही खिडकीशी असाल तर बघा, त्या पुलावरून जाताना आपण मुख्य भूमी सोडतो आणि एका बेटावर पाऊल ठेवतो! हे साष्टी बेट. ठाणे, मुलुंड, घाटकोपर, कुर्ला, सगळं ह्याच बेटावर. मग कुर्ला आणि शीव यांच्या मध्ये मिठी नदी लागते. तिच्यावरून गाडी गेली, की दुसरं बेट. ही खरी जुनी मुंबई.

आज ते कळतही नाही. पण आपली गोष्ट ज्या वर्षी सुरू होते, त्या १८१४ साली मुंबई हे अगदी धडधडीत बेट होतं. सात लहान बेटांमधल्या खाड्या भरून काढायचं काम बरंच झालं होतं. शीवचा बांध १८०३ मध्ये झाला होता, त्यामुळे साष्टीत पायी जाता येऊ लागलं होतं. पण कुलाबा वेगळाच होता. ओहोटी लागली की चालत जायचं, भरती आली की होडी. तो रस्त्याने जोडला गेला १८३८ मध्ये. माहीम-वांद्र्याचा बांध झाला १८४५ मध्ये. आणि आपली लाडकी आगगाडी? ती बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिल्यांदा धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि कल्याणला यायला तिला आणखी एक वर्ष लागलं.

या बेटावर, खेतवाडीत, ९ मे १८१४ रोजी एक मुलगा जन्मला. आज खेतवाडी म्हटलं की गल्लीगल्लीतले उंच गणपती आठवतात. तेव्हा नावाप्रमाणे तिथे शेतवाड्या होत्या. मुलाचं नाव दादोबा. वडील पांडुरंग, आई यशोदा. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खड गावचं, म्हणून आडनाव तर्खडकर. पण त्या काळी माणसाला त्याच्या आणि वडिलांच्या नावाने ओळखत. म्हणून पुस्तकांत तुम्हाला ते 'दादोबा पांडुरंग' असेच भेटतील, आणि त्यांचे भाऊ 'भास्कर पांडुरंग' आणि 'आत्माराम पांडुरंग'. या दोन भावांनाही लक्षात ठेवा. पुढे ते येणार आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हे दादोबा कोण बुवा? आम्ही तर नाव ऐकलं नाही.

नाव ऐकलं नसेल, पण त्यांनी तुम्हाला छळलंय जरूर! मराठीच्या पेपरात 'पुढील वाक्यातील अव्यय ओळखा' असा प्रश्न आला, की तुम्ही पेन्सिल चावत बसता ना? मराठीतल्या शब्दांच्या जाती पाडून, त्यांची नावं ठरवून, विभक्तीचे तक्ते मांडून ते सगळं शाळेत नेऊन बसवणारे हे गृहस्थ. लोक त्यांना कौतुकाने मराठीचे पाणिनी म्हणत. शिक्षक, शाळांचे तपासनीस, डेप्युटी कलेक्टर, लेखक आणि एका गुप्त मंडळीचे मार्गदर्शक. हो, गुप्त! त्या भागाकडे मी येणारच आहे. पण आधी शाळेत जाऊ.

धुळीची पाटी

दादोबांच्या लहानपणी सरकारी शाळा नव्हत्या. पंतोजी होते. कुणाच्या तरी ओसरीवर पोरं गोळा करायची, लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने तिच्यावर अक्षरं गिरवायची. यालाच धुळाक्षरं म्हणतात. चुकलं की पाटी हलवली, पुन्हा कोरी! संध्याकाळी परवचा: पाढे, पावकी, निमकी, दिडकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायची. लिहायची लिपी मोडी. पुस्तकं जवळपास नाहीतच. आणि शिक्षा! अंगठे धरून उभं करणं ही त्यातल्या त्यात सौम्य. दादोबांनी पुढे स्वतःच्या आयुष्याची हकीगत लिहिली, तिच्यात अशा पंतोजींच्या शाळांचं वर्णन आहे. ते वाचल्यावर आपल्या शाळेतले सर एकदम प्रेमळ वाटू लागतात.

दादोबा आठ वर्षांचे असताना मुंबईत एक नवी गोष्ट घडली. शाळा काढण्यासाठी आणि शाळेची पुस्तकं छापण्यासाठी १८२२ मध्ये एक संस्था निघाली. पुढे तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झालं. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता. धुळीच्या पाटीवर शिकलेली मुलं या शाळांत छापील पुस्तकांतून इंग्रजी, भूगोल, गणित शिकू लागली. दादोबा या पहिल्या पिढीतले. त्या पिढीतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण' हे वर्तमानपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे तेच. आपण दरवर्षी त्या तारखेला पत्रकार दिन साजरा करतो.

इंग्रजी शिकताना दादोबांच्या हाती इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं आली असणार. शब्दांच्या जाती, काळ, वाक्याचे भाग, सगळं नीट मांडलेलं. संस्कृतचं व्याकरण तर हजारो वर्षांचं. आणि मराठीचं? मराठीचं व्याकरण नव्हतंच असं नाही. विल्यम कॅरे या मिशनऱ्याने १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला एक छापलं होतं. पण ते इंग्रजीत, साहेबांना मराठी यावी म्हणून! मुंबईत शास्त्रीमंडळींनीही काही प्रयत्न केले होते. मराठी मुलाने मराठी भाषा कशी चालते ते मराठीतून वाचावं, आणि ते शाळाशाळांत चालावं, असं पुस्तक अजून रुळायचं होतं.

ते दादोबांनी लिहिलं. 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण'. साल १८३६. वय वर्षं फक्त बावीस!

'रस्तावर' का नाही?

इथे जरा थांबू या. कारण व्याकरण म्हटलं की तुमच्यातले अर्धे पान उलटणार, हे मला ठाऊक आहे.

एक गंमत करा. 'रस्ता' या शब्दाला 'वर' जोडा. काय म्हणालात? 'रस्त्यावर'. 'रस्तावर' असं कुणीच म्हणालं नाही. 'घोडा'ला 'ने' जोडा. 'घोड्याने'. 'ससा'ला 'ला' जोडा. 'सशाला'. हे तुम्हाला कुणी शिकवलं? आईने कधी समोर बसवून 'बाळा, आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप असं होतं' असं सांगितलं होतं का? मुळीच नाही. तुम्ही ते आपोआप उचललंत, चार वर्षांचे व्हायच्या आत.

मग 'मामा' घ्या. 'मामाला'. 'माम्याला' नाही! 'काका'चंही तेच, 'दादा'चंही तेच. म्हणजे नात्यातले असे काही शब्द या नियमात बसत नाहीत. हेही तुम्हाला माहीत होतं, पण माहीत आहे हे माहीत नव्हतं.

व्याकरण लिहिणाऱ्याचं काम हेच. लाखो लोक न कळत जे पाळतात, ते टिपायचं. एकेक शब्द घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा, सारखे वागणारे शब्द एका घरात ठेवायचे, घराला नाव द्यायचं, आणि जे कुठेच बसत नाहीत त्यांची वेगळी नोंद करायची. बाविसाव्या वर्षी दादोबा हे करत होते. दोन चौकटी हाताशी होत्या, एक संस्कृतची आणि एक इंग्रजीची. मराठी दोन्हींत नीट मावत नव्हती. लहान भावाचा सदरा मोठ्याला घातला तर काखेत फाटतो आणि मोठ्याचा लहान्याला घातला तर गुडघ्यापर्यंत येतो, तसली गत. त्यांनी दोन्हीकडचं घेतलं. काही बसलं, काही बसलं नाही.

आपल्या उल्हासनगरात ही गोष्ट फार छान समजते. आपल्या वर्गात सिंधी बोलणारी मुलं असतात, हिंदी बोलणारी असतात. त्यांना मराठीत कुठे अडतं बघा. 'तो पुस्तक', 'ती झाड'. आपण हसतो. पण हसायच्या आधी ऐका. सिंधीत लिंगं दोनच, हिंदीतही दोनच. मराठीत तीन! पुस्तक 'ते', दार 'ते', पण दरवाजा 'तो' आणि खिडकी 'ती'. एकाच भिंतीत तीन लिंगं! ज्याच्या घरी 'ते' नाहीच, त्याने ते कुठून आणायचं? त्याला कुणीतरी तक्ता करून दिलाच पाहिजे. म्हणजे व्याकरणाचं पुस्तक खरं तर आपल्यापेक्षा त्याच्या जास्त कामाचं. (आपलीही 'न' आणि 'ण' ची बोंब असतेच, ती मी इथे काढत नाही.)

दादोबा एकदा पुस्तक लिहून मोकळे झाले नाहीत. दुसरी आवृत्ती आली १८५० मध्ये, आणि ती म्हणजे पहिलीच पुन्हा छापलेली नव्हे, तर नव्याने हात फिरवलेली. मग तिसरी, चौथी... शाळेच्या लहान मुलांसाठी एक 'लघु व्याकरण' वेगळं केलं. चुका दाखवणारेही होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे मोठे विद्वान. त्यांनी 'शालापत्रक' मासिकातून मराठी व्याकरणाची चर्चा करताना दादोबांच्या मांडणीतल्या उणिवा दाखवल्या. आणि १८८१ मध्ये, म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर पंचेचाळीस वर्षांनी, सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्या दादोबांनी आपल्याच व्याकरणाची 'पूरणिका' काढली. पूरणिका म्हणजे राहिलेलं भरून काढणारी पुरवणी. मला विचाराल तर दादोबांच्या सगळ्या कामांत मला ही पूरणिका जास्त आवडते. पंचेचाळीस वर्षं एकच पुस्तक पुरं होत नाही असं वाटणारा माणूस!

पाच 'द'

पोटापाण्यासाठी दादोबांनी शिक्षकी धरली आणि ती त्यांना बेटाबाहेर घेऊन गेली. विशीतच ते माळव्यातल्या जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक झाले. जावरा आज मध्य प्रदेशात आहे. रेल्वे नाही, मोटार नाही. मुंबईचा पोरगा एवढ्या लांब नबाबाला शिकवायला जातो, हे डोळ्यांपुढे आणून बघा. तिथून मुंबईला परत, एल्फिन्स्टनच्या शाळेत शिक्षक. आणि मग १८४० नंतरची काही वर्षं सुरतेच्या इंग्रजी शाळेत.

सुरतेला त्यांना मित्र भेटले. दुर्गाराम मेहताजी नावाचे एक गुजराती शिक्षक, दिनमणिशंकर, दामोदरदास, दलपतराम. आता या चार नावांत दादोबा मिळवा. काय दिसतं? पाचही जणांचं पहिलं अक्षर 'द'! सुरतेच्या लोकांनी त्यांना 'पाच दद्दा' असंच नाव ठेवलं. या पाच जणांनी १८४४ मध्ये 'मानवधर्म सभा' काढली. देव एक आहे, माणसं सगळी एका जातीची आहेत, असं त्यांचं म्हणणं. भूत उतरवणारे, मंत्र मारणारे यांना ते सरळ सांगत: या, सगळ्यांसमोर करून दाखवा तुमचा मंत्र! शाळामास्तर मांत्रिकाला आव्हान देतोय, तेही १८४४ मध्ये. आपल्याकडचे अंधश्रद्धा निर्मूलनवाले पुढे जे करू लागले, ते हेच.

१८४६ मध्ये बाळशास्त्री जांभेकर वारले, अवघ्या तिशीच्या आसपास. शिक्षक तयार करणारा 'नॉर्मल क्लास' त्यांच्याकडे होता. तो आता दादोबांकडे आला. नॉर्मल म्हणजे काही 'साधा' वर्ग नव्हे. आज आपण डी.एड. म्हणतो तसला शिक्षकांचा वर्ग. खेडोपाडी ज्या शाळा निघत होत्या त्यांना मास्तर पुरवायचे होते, आणि ते मास्तर दादोबांच्या हाताखालून जात. जाताना त्यांच्या गाठोड्यात दादोबांचं व्याकरण असणार, हे ओघानं आलंच. पुढे ते शाळांचे सुपरिटेंडेंटही झाले. १८४८ मध्ये मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 'ज्ञानप्रसारक सभा' काढली, तिचे अध्यक्षही दादोबाच. तिचं 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० पासून सतरा-एक वर्षं चाललं. विज्ञान, इतिहास, प्रवास, सगळं मराठीत! आज तुम्ही हातात धरलेल्या अंकाचं ते पणजोबा म्हणायला हरकत नाही.

दाराला कडी लावा

आता ती गुप्त गोष्ट.

मुंबईत १८४९ च्या सुमारास रात्री काही तरुण एका घरी जमू लागले. बाहेर कुणाला पत्ता नाही. आत ईश्वराची प्रार्थना होई. ती मराठीत असे आणि दादोबांनी रचलेली असे. मग ते तरुण एकत्र जेवत. नव्या सभासदाला आत घेताना एक परीक्षा असे. ख्रिस्ती बेकरीवाल्याने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं.

एवढंच? पाव तर आपण रोज खातो, वड्याबरोबर, मिसळीबरोबर, दालपकवान संपलं तर दाल-पाव! पण तेव्हा तो पावाचा तुकडा खाणं म्हणजे जात बाटवणं. आणि ते उघड झालं तर? जात बाहेर टाकी. मग तुमच्या घरी कुणी जेवायला येत नाही. तुम्हाला कुणी बोलावत नाही. मुलीचं लग्न ठरत नाही. मेल्यावर खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत. हे काही नुसतं सांगायचं भय नव्हतं. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री नावाच्या मुलाचं प्रकरण मुंबईत फार गाजलं. त्याचा थोरला भाऊ ख्रिस्ती झाला होता आणि हा लहान मुलगा काही दिवस त्याच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहिला. कोर्टाने त्याला वडिलांकडे परत दिलं. पण जात त्याला घेईना! बाळशास्त्री जांभेकर मध्ये पडले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या म्हणाले. तर लोक बाळशास्त्रींवरच उलटले, त्यांच्यावरच बहिष्काराची पाळी आली. एवढे मोठे बाळशास्त्री! मग बाकीच्यांची काय कथा?

म्हणून ही 'परमहंस सभा' गुप्त. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा करायची नाही, विधवांच्या लग्नाला विरोध करायचा नाही, हे तिचं म्हणणं. सभासद पुरेसे वाढले की मग जगाला सांगू, तोवर दाराला कडी. सभेचे विचार दादोबांनी 'धर्मविवेचन' या पुस्तकात मांडले. ते छापलं गेलं १८६८ मध्ये, आणि वर लेखकाचं नाव होतं 'एक जगद्वासी आर्य'. म्हणजे खरं नाव नाहीच.

१८६० मध्ये कुणीतरी सभेची कागदपत्रं पळवली. त्यांत सभासदांची नावं होती! बातमी फुटली आणि सभा मोडली. सगळे पांगले.

मित्रांनो, या जागी माझं मन दोन्हीकडे जातं. लपून खाल्लेल्या पावाने जात मोडते का? ती तर बाहेर, रस्त्यावर, विहिरीवर तशीच उभी असते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा उघडली, ती दिवसाढवळ्या. त्यांना घर सोडावं लागलं, सावित्रीबाईंना शेणगोळे सोसावे लागले. त्यांच्याशेजारी कडी लावलेलं दार जरा थिटंच वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. दार बंद करून का होईना, वेगवेगळ्या जातींचे तरुण एका पंक्तीला बसत होते, आणि हे त्यांना चुकीचं वाटत नव्हतं. तुम्हीच ठरवा. वर्गात वाद घाला यावर.

आणि आता ते भाऊ. भास्कर पांडुरंगांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. इंग्रज राज्य हा देश कसा लुटतंय, हे त्यांत इतक्या कडक भाषेत होतं की आजही वाचणारा चमकतो. सही होती 'एक हिंदू'. पुन्हा टोपणनाव! बिचारे भास्कर पांडुरंग तरुणपणीच गेले. दुसरे, आत्माराम पांडुरंग, हे डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी. परमहंस सभा मोडल्यानंतर सात वर्षांनी, १८६७ मध्ये, मुंबईत प्रार्थना समाज निघाला, तो त्यांच्या पुढाकाराने. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर पुढे त्यात आले. प्रार्थना समाजाच्या दाराला कडी नव्हती. एका भावाने जे लपून सुरू केलं ते दुसऱ्या भावाने उघड्यावर आणलं. हेच डॉक्टर १८७९ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ जणांतही होते. सालिम अली ज्या संस्थेत पक्षी ओळखायला शिकले, तीच ही! आणखी एक सांगून टाकतो. आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा. १८७८ मध्ये त्यांच्या मुंबईच्या घरी एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा राहायला आला होता, विलायतेला जायच्या आधी इंग्रजी बोलणं सुधारायला. त्याला इंग्रजी शिकवलं अन्नपूर्णेने. मुलाचं नाव रवींद्रनाथ टागोर.

घोड्यावरचा मास्तर

१८५२ मध्ये दादोबांना शाळाखात्यातून उचलून अहमदनगर जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर नेमलं. आज अहिल्यानगर म्हणतात तो जिल्हा. शब्दांचे तक्ते करणारा माणूस आता जमिनीचे, साऱ्याचे तक्ते बघू लागला. एतद्देशीय माणसाला त्या काळी एवढी मोठी जागा मिळणं ही चर्चेची गोष्ट होती.

मग आलं १८५७. नगर-नाशिकच्या डोंगरांत भिल्ल उठले. त्यांचा एक नायक भागोजी नाईक, आधी सरकारी पोलिसांत असलेला. १८५९ मध्ये तो सिन्नरच्या बाजूला लढताना मारला गेला. भिल्लांचं बंड मोडण्यात दादोबांनी सरकारची कामगिरी बजावली आणि त्याबद्दल त्यांना 'रावबहादुर' किताब मिळाला. जुन्या पुस्तकांत हे मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असे. आज त्याच नगर-नाशिकच्या लोकांना भागोजी नाईक हा स्वातंत्र्यासाठी लढलेला वीर वाटतो. सगळी माणसं एका जातीची, असं रात्री म्हणणारे दादोबा दिवसा सरकारी हुकमाने भिल्लांवर गेले. आणि त्यांच्याच भावाने सोळा वर्षांपूर्वी त्याच सरकारला लुटारू म्हटलं होतं. एकाच घरातलं हे सगळं! चरित्रातला हा भाग गाळायची मला इच्छा झाली होती. गाळला नाही.

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, 'तर्खडकर' म्हटल्यावर तुम्हाला 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' आठवली असेल. तिच्या तीन भागांवर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. पण ते तर्खडकर वेगळे, द्वारकानाथ राघोबा. दोघांची गल्लत हमखास होते. तसंच, तुमच्या वेळी शाळेत जे व्याकरण होतं त्यामागे दादोबांखेरीज आणखी एक मोठं नाव आहे: मोरो केशव दामले. त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. दादोबांनी पाया घातला, पण त्या पायावरचे बरेच दगड दामल्यांनी पुन्हा काढून तपासले. मुलाने 'हे पाठ का करायचं' असं विचारलं, तर 'परीक्षेला येतं म्हणून' एवढंच सांगू नका. 'रस्त्यावर'ची गंमत करून दाखवा.

मोराची केका

सरकारी नोकरीतून मोकळे झाल्यावर दादोबा पुन्हा आपल्या बेटावर आले आणि लिहीत राहिले. मोरोपंतांचं 'केकावली' तुम्ही वरच्या वर्गात गेलात की भेटेल. मोरोपंत म्हणजे मयूर कवी, आणि केका म्हणजे मोराची हाक. मोराने देवाला मारलेल्या हाकांची माळ, ती केकावली! ती वाचायला सुंदर, पण समजायला अवघड. दादोबांनी तिचा अर्थ उलगडून सांगणारी टीका १८६५ मध्ये प्रसिद्ध केली. 'टीका' म्हणजे इथे नावं ठेवणं नव्हे हं. टीका म्हणजे समजावून सांगणं. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'यशोदा पांडुरंगी'. आठवलं? यशोदा त्यांची आई, पांडुरंग वडील. धर्माबद्दलचं पुस्तक टोपणनावाने काढणाऱ्या या माणसाने इथे आईवडिलांची नावं थेट पुस्तकाच्या कपाळावर लिहिली.

आणि म्हातारपणी त्यांनी स्वतःची गोष्ट लिहायला घेतली. मराठीत तेव्हा आत्मचरित्र लिहायची चालच नव्हती. साधुसंतांनी स्वतःबद्दल अभंगांतून लिहिलं होतं, पण 'मी अमुक शाळेत गेलो, अमुक मास्तरांनी मला मारलं' असं गद्यात लिहिणारे फार थोडे. धुळीच्या पाट्या, पंतोजी, जुनी मुंबई, सुरत, सगळं त्यात आहे. पण ते पुरं झालं नाही. नॉर्मल क्लासच्या काळाशी येऊन ते थांबतं. परमहंस सभा, नगर, भिल्ल, रावबहादुरकी, यातलं काही दादोबांच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळत नाही. व्याकरणाला पूरणिका मिळाली, आत्मचरित्राला मिळाली नाही. पूरणिका छापून झाल्यावर पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, दादोबा मुंबईत वारले.

त्यांची ती अर्धी राहिलेली हकीगत पासष्ट वर्षं तशीच होती. मग अ. का. प्रियोळकर नावाच्या संशोधकांनी ती तपासली, उरलेल्या आयुष्याची माहिती जागोजागहून गोळा करून पुढे जोडली आणि 'रावबहादुर दादोबा पांडुरंग' या नावाने छापली. ते साल होतं १९४७. त्याच साली फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून निघालेली माणसं कल्याणजवळच्या एका ओसाड लष्करी छावणीत येऊन उतरू लागली. दोन वर्षांनी, ८ ऑगस्ट १९४९ रोजी, त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. त्या माणसांच्या पोरांना लौकरच शाळेत 'तो, ती, ते' शिकायचं होतं.

पुस्तक जाडजूड आहे आणि जुन्या वळणाचं आहे. पण एखाद्या जुन्या ग्रंथालयात, धूळ बसलेल्या कपाटात ते सापडतं. सुट्टीत बाबांना घेऊन जा आणि पंतोजींच्या शाळेचा भाग तेवढा वाचा. आणि येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर कळव्याच्या आधी तो पूल चुकवू नका.